मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा पहिला फोटो काढणारा डॉक्टर

डीएसए म्हटलं की आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स आठवतात आणि पोटात गोळा येतो. हॉस्पिटलमध्ये मात्र डीएसए म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. मेंदूतल्या धमनीला फुगा आलाय का, किंवा धमन्या आणि शिरा मधल्या बारीक केशवाहिन्या सोडून थेट एकमेकींत गुंतल्यात का, हे या तपासणीत दिसतं. फुगा फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून तो आधी सापडणं महत्त्वाचं. आज गोष्ट आहे ही तपासणी ज्याच्यामुळे सुरू झाली त्याची. नाव एगास मोनिझ.

जन्म 1874, पोर्तुगालमधलं आव्हांका गाव. कोइंब्रा विद्यापीठात डॉक्टरकी केली, पुढे 1911 पासून लिस्बनमध्ये न्यूरोलॉजीचा प्राध्यापक. पण मधली बरीच वर्षं गेली राजकारणात! खासदार, स्पेनमध्ये राजदूत, मग परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचा प्रमुख हाच होता. राजकारण सुटलं आणि पन्नाशीच्या आसपास, जेव्हा लोक रिटायरमेंटचा हिशोब मांडतात, तेव्हा हा माणूस आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रयोगाला लागला.

अडचण काय होती बघा. एक्स-रेचा शोध 1895 चा. हाडं छान दिसायची, पण मेंदू कवटीच्या आत आणि रक्त एक्स-रेला जवळपास मेंदूइतकंच पारदर्शक. म्हणजे काळ्या पाटीवर काळ्या खडूनं लिहिल्यासारखं. मोनिझचा विचार सरळ होता: रक्तात असं काही मिसळायचं जे एक्स-रे अडवेल. जड अणू एक्स-रे जास्त अडवतात, म्हणून त्यानं आधी ब्रोमीनचे क्षार घेतले, नंतर आयोडीनचे. कुत्र्यांवर आणि मृतदेहांच्या डोक्यांवर प्रयोग झाले.

त्याचे हात गाउटमुळे तरुणपणापासूनच आखडलेले. नाजूक काम त्याला जमायचंच नाही. त्यामुळे सुई आणि सुरी आल्मेडा लिमा या तरुण सहकाऱ्याच्या हातात असायची.

माणसांवरचे पहिले प्रयत्न स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडनं केले. काहीच धड दिसेना आणि त्यात एक रुग्ण दगावला. इथे मी वाचताना थांबलो होतो. आमच्याकडे प्रॉडक्शनला बग गेला तर रोलबॅक करता येतो, इथे काय करणार? मोनिझनं औषध बदललं, सोडियम आयोडाइड घेतलं. 28 जून 1927 ला एका विशीतल्या तरुणाच्या मानेला चीर देऊन कॅरोटिड धमनी उघडी केली, द्रावण सोडलं आणि लगेच एक्स-रे घेतला. प्लेटवर मेंदूच्या धमन्या उमटल्या. त्या तरुणाला पिट्युटरी ग्रंथीचा ट्यूमर होता आणि त्यामुळे धमन्या जागेवरून सरकलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

पुढच्या काही वर्षांत याच पद्धतीनं धमन्यांचे फुगे जिवंत माणसात दिसायला लागले. वॉल्टर डँडीनं 1937 मध्ये अमेरिकेत फुग्याच्या मानेवर पहिली क्लिप बसवली. 1990 च्या दशकात कवटी न उघडता, धमनीतूनच प्लॅटिनमची बारीक तार सोडून फुगा भरायचं तंत्र आलं. यातलं बहुतेक काम नकाशा बघत चालतं आणि तो नकाशा मोनिझचा.

पण त्याला नुसता हिरो करून चालणार नाही. आयोडाइडचा त्रास व्हायचा, म्हणून 1931 च्या सुमारास त्याच्या टीमनं थोरोट्रास्ट वापरायला घेतलं. चित्रं सुंदर यायची, रुग्णाला तेव्हा काही त्रासही व्हायचा नाही. मात्र त्यात किरणोत्सारी थोरियम होतं आणि शरीर ते बाहेर टाकतच नाही. यकृतात साठून राहतं. जगभर ज्यांना ते टोचलं गेलं त्यांच्यापैकी अनेकांना काही दशकांनी यकृताचा कॅन्सर झाला.

आणि मग 1935. मानसिक रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायची शस्त्रक्रिया त्यानं सुरू केली. सुरी पुन्हा लिमाच्याच हातात. पहिल्या 20 रुग्णांवर, तेही काही महिन्यांच्याच निरीक्षणावर, त्यानं निष्कर्ष छापून टाकले. टेस्टिंग न करता रिलीज! हीच पुढे लोबोटॉमी म्हणून जगभर पसरली आणि तिनं हजारो माणसं कायमची मंद करून सोडली. अँजिओग्राफीसाठी त्याचं नाव नोबेलला गेलं होतं, पण मिळालं नाही. 1949 मध्ये मिळालं ते या शस्त्रक्रियेसाठी. माझ्या मते नोबेलच्या इतिहासातला हा सगळ्यात उलटा निर्णय.

मधे 1939 मध्ये एका रुग्णानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यातून तो वाचला. 1955 मध्ये लिस्बनमध्ये वारला.

आता आपल्या डीएसएकडे येऊ. त्याच्या चित्रात कवटीचं हाड मधे यायचंच. 1980 च्या आसपास कॉम्प्युटरनं ते काढून टाकलं. औषध सोडण्याआधी एक फोटो, सोडल्यावर दुसरा, आणि पिक्सेलमागे पिक्सेल वजाबाकी. वजाबाकीच्या आधी प्रत्येक पिक्सेलचा लॉगरिदम घेतात, कारण हाड आणि औषध मिळून एक्स-रे कमी करतात तो परिणाम गुणाकाराचा असतो. लॉगनं गुणाकाराची बेरीज होते, मग हाड सरळ वजा होतं आणि फक्त रक्तवाहिन्या उरतात. म्हणून तर टेबलावर झोपवल्यावर डोकं अजिबात हलवू नका असं सांगतात. डोकं हललं की दोन फोटो जुळत नाहीत.

मानेला चीर आता लागत नाही, बारीक नळी जांघेतून किंवा मनगटातून वर नेतात. नळीतून सोडतात ते औषध पूर्वीपेक्षा बरंच सौम्य झालंय, पण आहे अजूनही आयोडीनचंच.