नानासाहेब टिपणीस : ठरावापुढे गेलेला नगराध्यक्ष

महाडच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना तेथील नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ उर्फ नानासाहेब टिपणीस यांना विसरून चालणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण सनातन्यांच्या दहशतीपुढे तो कागदावरच राहिला. जन्माने सवर्ण असलेले टिपणीस कागदावर थांबले नाहीत. १९२७ च्या महाड परिषदेला त्यांनी साथ दिली. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून हक्क बजावला.

४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! टिपणीस मात्र चळवळीसोबतच राहिले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला.

बहुमताने दिलेला हक्क बहुमत काढूनही घेते, हा महाडचा कायदेशीर धडा आहे. म्हणून आपल्या नगरसेवकांनी ठराव मंजूर झाला की हार घालून घेऊ नयेत. वस्तीतल्या नळाला पाणी आले का, ते आधी पाहावे.