एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जोशुआ स्लोकम

नवी दिल्ली : शिडाच्या लहान नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले दर्यावर्दी म्हणजे जोशुआ स्लोकम. त्यांचा जन्म 1844 मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे झाला. 1884 मध्ये पत्नी व्हर्जिनियाचे निधन झाले. तीनच वर्षांनी त्यांचे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. वाफेच्या जहाजांच्या युगात शिडांच्या या कप्तानाला काम मिळेना. एका परिचिताने दिलेली ‘स्प्रे’ ही मोडकी नौका त्यांनी तेरा महिने खपून नव्याने बांधली. लांबी जेमतेम 37 फूट.

24 एप्रिल 1895 रोजी त्यांनी बोस्टन सोडले. खरी कसोटी मार्च 1896 मध्ये लागली. मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून पॅसिफिकमध्ये शिरताच वायव्येच्या वादळाने त्यांना गाठले. त्यांनी वाऱ्याशी झुंज घेतली नाही. पुढचे एक आखूड केलेले शीड तेवढे ठेवले, सुकाणू मधोमध बांधून टाकले आणि नौकेच्या मागे दोन लांब दोरखंड सोडले. त्यांच्या ओढीने नौका आडवी होईना आणि मागून येणाऱ्या लाटांचा जोरही मोडू लागला. मात्र वादळाने आग्नेयेकडे रेटलेली ‘स्प्रे’ रात्रीच्या अंधारात फेसाळत्या खडकांच्या जाळ्यात सापडली. पहाटेपर्यंत वाट काढत ते पुन्हा त्याच सामुद्रधुनीत परतले. सगळा पल्ला नव्याने गाठणे आले.

27 जून 1898 रोजी सुमारे 46 हजार मैलांनंतर ते न्यूपोर्टला पोहोचले. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2010 मध्ये अशी प्रदक्षिणा पुरी केली, तसे करणारे ते पहिले भारतीय.

नोव्हेंबर 1909 मध्ये पासष्टीचे स्लोकम ‘स्प्रे’तून पुन्हा एकटेच निघाले. ते किंवा नौका, पुढे कोणीही दृष्टीस पडले नाही.