नान्सेन यांचा कागद

फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) ध्रुवप्रदेशाचे धाडसी प्रवासी म्हणून जगाला ठाऊक आहेत. आम्हाला ते मोठे वाटतात ते एका कागदामुळे.

नॉर्वेचा हा प्राणिशास्त्रज्ञ. मज्जासंस्थेवरील संशोधनाने डॉक्टर झाला, पुढे समुद्रविज्ञानाचा प्राध्यापक. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि १९०६ मध्ये नान्सेन राजदूत म्हणून लंडनला गेले. (जुन्या मराठीत राजदूतालाही वकीलच म्हणत!) महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी चार लाखांवर युद्धकैदी मायदेशी पोचवले.

१९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने परागंदा रशियनांचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्याला सरकार नाही, त्याला कायदा कोणता? कोर्टाच्या दारातही आधी ओळख विचारतात, हे आम्ही रोज पाहतो. निर्वासितांचे उच्चायुक्त असलेल्या नान्सेन यांनी १९२२ मध्ये अशा माणसांसाठी ओळखपत्र काढले. पुढे सुमारे ५० सरकारांनी ते मानले. उणीव होती. ज्या देशाने ते दिले तेथे परतण्याचा हक्क सुरुवातीला त्यात नव्हता.

त्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले. रक्कम मदतकार्याला गेली. मात्र ग्रीस-तुर्कस्तानमधील सक्तीच्या लोकसंख्या अदलाबदलीला त्यांनी हातभार लावला. लाखोंना न विचारता उठवले गेले. हे आम्हाला पटत नाही.

१९२४ पासून तो कागद बेघर आर्मेनियनांनाही मिळू लागला.