सेमिनरीतला उंच जॉर्ज



जॉर्ज मायकनचा जन्म १८ जून १९२४ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जोलिएट गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. लहानपणी त्याचा गुडघा असा मोडला की दीड वर्ष अंथरुणावर काढावे लागले. पुढे धर्मगुरू होण्याच्या विचाराने तो शिकागोच्या क्विग्ली सेमिनरीत शिकू लागला, पण ती वाट त्याने सोडली. (अशा मुलाकडे आपण उगाच निराशेने पाहतो. मीही पाहिले आहे, आणि ते चुकले.)

उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा आणि हालचाल धांदरट. इतक्या उंच माणसाला बास्केटबॉल जमत नाही, अशीच तेव्हा समजूत होती. नोत्र दाम विद्यापीठाने त्याला परत पाठवले. डीपॉल या कॅथलिक विद्यापीठात १९४२ साली रे मेयर हे नवे प्रशिक्षक आले. त्यांनी जॉर्जला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, हवेत ठोसे मारायला लावले, पाय हलके पडावेत म्हणून चक्क नृत्याचे धडे दिले. बास्केटखाली उभे राहून चेंडू एकदा उजव्या हाताने टाकायचा, एकदा डाव्या, पुन्हा उजव्या. रोज, शेकडो वेळा. हा सराव आजही जगभर त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९४५ साली एका सामन्यात ऱ्होड आयलंडच्या अख्ख्या संघाचे ५३ गुण झाले, आणि एकट्या जॉर्जचेही ५३!

१९४६ साली तो व्यावसायिक खेळाडू झाला. १९४९ ते १९५४ या काळात त्याचा मिनियापोलिस लेकर्स संघ पाच वेळा अजिंक्य ठरला. त्याला आवरण्यासाठी १९५१ मध्ये बास्केटसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला. त्याआधी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेनच्या संघाने नुसता चेंडू धरून वेळ काढला आणि १९-१८ असा सामना जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण जॉर्जचे होते.

निवृत्तीनंतर मायकन यांनी वकिली केली, १९५६ साली काँग्रेसची निवडणूक लढवून हरले. प्रशिक्षक म्हणूनही ते अपयशीच: ९ विजय, ३० पराभव. उतारवयात मधुमेहाने गाठले. २००० साली उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मग डायलिसिस सुरू झाले. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंना फारच तुटपुंजे निवृत्तिवेतन मिळत असे. ते वाढावे म्हणून त्या आजारपणातही ते आपल्या जुन्या सोबत्यांसाठी भांडत राहिले.

१ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा खर्च आपण करू, असे शकील ओनील या खेळाडूने त्यांच्या कुटुंबाला कळवले.

– आपला धर्मगुरू