गर्भाच्या घडणीचे शोधक : कॉनराड वॉडिंग्टन

चिंचवडहून चाकणकडे जातांना मोटारींचे मोठमोठे कारखाने लागतात. कारखान्यांत सबंध गाडीचे नकाशे असतात. परंतु प्रत्येक कारागीर आपल्या कामापुरताच नकाशा उलगडतो. प्राण्याचें शरीरही कांहींसें असेंच घडतें. डोळ्याच्या व यकृताच्या पेशींत वंशपरंपरेनें आलेलीं जनुकें बहुतांशीं तींच असतात. मग एकीचा डोळा व दुसरीचें यकृत कां व्हावें? या प्रश्नामागें ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या कॉनराड हॅल वॉडिंग्टन यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म 1905 सालीं इंग्लंडांत झाला. वडील दक्षिण हिंदुस्थानांत चहाच्या मळ्यावर असल्यामुळें त्यांचीं पहिलीं कांहीं वर्षें याच देशांत गेलीं. केंब्रिज येथें ते भूगर्भशास्त्र शिकले, पण पुढें गर्भविज्ञानाकडे वळले. जर्मनींत स्पेमान व हिल्डे मान्गोल्ड यांनीं 1924 सालीं असें दाखविलें होतें कीं, न्यूट नामक उभयचर प्राण्याच्या गर्भांतील एक विशिष्ट भाग दुसऱ्या गर्भांत रोपल्यास तेथें दुसरें शरीर घडूं लागतें. वॉडिंग्टन यांनीं कोंबडी व बदक यांचे गर्भ कवचाबाहेर कांचपात्रांत वाढवून, पक्ष्यांतही असा संघटक भाग असतो हें सिद्ध केलें.

त्या भागांतील कोणतें द्रव्य हें कार्य करतें, याचा शोध त्यांनीं नीडहॅम व ब्राशे यांच्यासह आरंभिला. परंतु 1936 सालीं असें आढळलें कीं, गर्भांत मुळींच नसलेला मेथिलीन ब्ल्यू हा रंगही तोच परिणाम घडवितो! दुसरा कोणी निराश झाला असता. वॉडिंग्टन यांनीं मात्र प्रश्नच फिरविला. हांक कोणाची, यापेक्षां ओ देणाऱ्या पेशीची तयारी काय, हें त्यांना महत्त्वाचें वाटूं लागलें. जनुकांपासून देह कसा घडतो, या अभ्यासास त्यांनीं 1942 सालीं एपिजेनेटिक्स हें नांव दिलें.

1947 सालीं ते एडिंबरो येथें प्राध्यापक झाले. 1957 च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं पेशीची वाटचाल चित्ररूपानें दाखविली : उतारावरून घरंगळणारा चेंडू एका दरींत शिरला कीं दुसरींत सहसा जात नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावरील एक थेंब कोंकणांत उतरतो, शेजारचा इंद्रायणीस मिळतो, तसेंच हें.

त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या लीला मुल्हेरकर यांनीं कोंबडीचा गर्भ कांचपात्रांत वाढविण्याची विद्या पुणें विद्यापीठांत आणिली व तेथें अनेक विद्यार्थी तयार केले. अशा रीतीनें ती विद्या आपल्या दाराशीं आली.

1975 सालीं वॉडिंग्टन निवर्तले. त्याच वर्षीं रिग्ज यांनीं, आणि स्वतंत्रपणें हॉलिडे व पग यांनीं, असें सुचविलें कीं, जनुकांच्या सूत्रावर मेथिल नांवाच्या लहानशा रासायनिक खुणा असतात व त्यांच्या योगें जनुकें मिटलेलीं राहूं शकतात. पृष्ठवंशी प्राण्यांत अशा खुणा पेशीच्या विभाजनानंतरही टिकतात, हें पुढें प्रयोगांनीं दिसून आलें.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर चुकलें म्हणजे श्रम व्यर्थ गेले असें नव्हे. कित्येकदां प्रश्नच नव्यानें मांडावा लागतो; तेवढा धीर ज्याच्या अंगीं आहे, त्यालाच पुढची वाट सांपडते.