नाट्यकवी सॉफोक्लीस

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशावर एका राजाची सत्ता नव्हती. डोंगरांनी आणि समुद्राने विभागलेल्या त्या भूमीत अनेक लहान लहान नगरराज्ये स्वतंत्रपणे नांदत होती. अथेन्स हे त्यांतील एक प्रमुख राज्य होय. तेथे नागरिक सभेत एकत्र जमत, वादविवाद करीत आणि बहुमताने कायदे ठरवीत. स्त्रियांना आणि गुलामांना त्या सभेत स्थान नव्हते, ही त्या काळाची मोठी उणीव होती. तथापि आपले कायदे आपणच केले आहेत, याचा अथेन्सवासीयांना फार अभिमान वाटे. या अभिमानी लोकांना आपल्या नाटकांतून अत्यंत अवघड प्रश्न विचारणारा थोर कवी म्हणजे सॉफोक्लीस.

अथेन्सच्या वेशीबाहेर थोड्याच अंतरावर कोलोनस नावाचे गाव होते. तेथे इ. स. पू. ४९६ च्या सुमारास सॉफोक्लीसचा जन्म झाला. त्याचा पिता सोफिलस हा संपन्न गृहस्थ होता. त्याचा शस्त्रे बनविण्याचा कारखाना होता, असे सांगतात. घरी कशाची वाण नसल्यामुळे मुलाला उत्तम शिक्षण मिळाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे सॉफोक्लीस काव्य, व्यायाम आणि संगीत शिकला. लँप्रस नावाचा नामांकित संगीतकार त्याला गुरू म्हणून लाभला होता. कोलोनसची ऑलिव्हची झाडे, वेलींच्या दाट जाळ्या आणि त्यांत गाणारे पक्षी यांची गोडी त्याच्या मनात बालपणीच रुजली. ती अखेरपर्यंत ओसरली नाही.

सॉफोक्लीस सोळा वर्षांचा असताना अथेन्सवर मोठे संकट कोसळले. इराणच्या सम्राटाने प्रचंड सैन्यानिशी ग्रीसवर स्वारी केली. नागरिकांना नगर सोडून जावे लागले आणि शत्रूने त्यांची मंदिरे जाळली. परंतु इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या समुद्रात ग्रीक आरमाराने इराणी आरमाराचा धुव्वा उडविला. या विजयाच्या उत्सवात मुलांच्या एका पथकाने विजयगीत गायिले. हाती वीणेसारखे वाद्य घेऊन त्या पथकाच्या अग्रभागी जो देखणा मुलगा चालत होता, तो सॉफोक्लीस होता. बलाढ्य सम्राटाचा गर्व एका दिवसात कसा धुळीला मिळतो, हे त्याने कोवळ्या वयातच पाहिले.

त्या काळी अथेन्समध्ये नाटक ही केवळ करमणूक नव्हती. दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिसस या देवाचा उत्सव होई. तेव्हा अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हजारो लोक सकाळपासून नाटके पाहण्यास बसत. तीन कवींमध्ये स्पर्धा लागे. प्रत्येक कवी तीन शोकनाट्ये आणि एक हलकेफुलके नाटक सादर करी. नटांच्या तोंडावर मुखवटे असत आणि स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. एक गायकवृंद नृत्य करीत गाई आणि घडणाऱ्या प्रसंगांवर आपले मत प्रकट करी. एखाद्या धनिक नागरिकाने या वृंदाचा खर्च सोसावा, हे त्याचे नगराविषयीचे कर्तव्य समजले जाई.

इ. स. पू. ४६८ मध्ये सॉफोक्लीसने या स्पर्धेत पहिला विजय मिळविला. त्याचा प्रतिस्पर्धी कोणी सामान्य कवी नव्हता, तर सर्व ग्रीसमध्ये गाजलेला वयोवृद्ध एस्किलस होता. प्रेक्षकांत दोन तट पडले. अखेर निकालाचे काम सेनापती सायमन आणि त्याचे सहकारी यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी तरुण सॉफोक्लीसच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे तो लिहीत राहिला. त्याने शंभराहून अधिक नाटके रचिली आणि किमान अठरा वेळा पहिले पारितोषिक पटकाविले. स्पर्धेत तो कधीही तिसरा आला नाही. पूर्वी रंगभूमीवर एका वेळी दोनच नट बोलत असत. सॉफोक्लीसने तिसरा नट आणला. त्यामुळे दोघांच्या वादात तिसऱ्या माणसालाही आपली बाजू मांडता येऊ लागली. प्रत्येक बाजू ऐकून घेण्याची ही वृत्ती त्याच्या नाटकांचा प्राणच होती.

त्याच्या सर्व नाटकांत ‘अँटिगनी’ हे नाटक विशेष प्रसिद्ध आहे. ते इ. स. पू. ४४१ च्या सुमारास रंगभूमीवर आले असावे. त्याची कथा थीब्ज नगरीत घडते. राजा ईडिपसचे दोन पुत्र राज्यासाठी एकमेकांशी लढले आणि एकमेकांच्याच हातून मारले गेले. एकाने नगराचे रक्षण केले होते, तर दुसरा, पॉलिनायसीस, परक्यांचे सैन्य घेऊन स्वतःच्या नगरावर चालून आला होता. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला. त्याने आज्ञा काढली, की नगररक्षकाचा अंत्यविधी सन्मानाने व्हावा, परंतु देशद्रोह्याचे प्रेत उघड्यावर कुत्र्यागिधाडांसाठी टाकावे. जो कोणी त्याला मूठमाती देईल, त्याला देहान्त शासन होईल.

ग्रीक लोकांत मृतास मूठमाती देणे हे आप्तांचे पवित्र कर्तव्य मानले जाई. ते घडले नाही, तर मृताच्या आत्म्यास शांती मिळत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. मृत बंधूंची बहीण अँटिगनी हिच्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. राजाज्ञा पाळावी, तर भावाची विटंबना होते. भावाचे ऋण फेडावे, तर प्राणास मुकावे लागते. दुसरी बहीण इस्मीनी भ्याली. अँटिगनी मात्र एकटीच गेली आणि तिने भावाच्या देहावर माती टाकली. पहारेकऱ्यांनी ती माती झाडून काढली, तेव्हा ती पुन्हा आली आणि पकडली गेली. तिने काहीही नाकारले नाही. देवांचे अलिखित नियम कोणत्याही राजाच्या आज्ञेहून श्रेष्ठ आहेत, असे तिने क्रेऑनला निर्भयपणे सांगितले.

क्रेऑन हा मुळात दुष्ट मनुष्य नव्हता. त्याचे नगर नुकतेच विनाशातून वाचले होते. अशा वेळी नियम सर्वांना सारखाच असला पाहिजे, भाचीसाठी कायदा वाकविला तर राज्य टिकणार नाही, असे त्याला वाटत होते. यात तथ्य नव्हते असे नाही. पण हळूहळू कायद्याची जागा त्याच्या अहंकाराने घेतली. अँटिगनीचा विवाह त्याचा पुत्र हेमॉन याच्याशी ठरला होता. पुराच्या लोंढ्यापुढे वाकणारी झाडे तगून राहतात आणि ताठ उभी राहणारी मुळासकट उन्मळतात, असे सांगून हेमॉनने पित्याची विनवणी केली. नगरातील लोक अँटिगनीसाठी हळहळत आहेत, हेही त्याने सांगितले. परंतु एका तरुण मुलाकडून शहाणपण शिकणे क्रेऑनला कमीपणाचे वाटले. त्याने अँटिगनीला जिवंतपणी एका गुहेत कोंडले.

मग टायरिसियस नावाच्या अंध द्रष्ट्याने त्याला बजाविले, की चूक सर्वांच्याच हातून होते, पण चूक उमगूनही हट्ट न सोडणे हा खरा मूर्खपणा आहे. क्रेऑन आधी संतापला आणि मग घाबरला. आपली आज्ञा मागे घेऊन तो धावत सुटला. आधी त्याने पॉलिनायसीसच्या देहाचे अंत्यसंस्कार केले आणि नंतर तो गुहेकडे वळला. पण फार उशीर झाला होता. अँटिगनीने आपल्या जीवनाचा अंत केला होता. तिच्या शोकाने हेमॉननेही प्राण दिला आणि पुत्राची वार्ता ऐकून राणीनेही तोच मार्ग धरला. राजमुकुट डोक्यावर असलेला क्रेऑन एका दिवसात सर्वस्वास मुकला.

हे नाटक पाहणाऱ्या अथेन्सवासीयांना ही कथा परक्या नगराची वाटली नसावी. देशद्रोह्याला मायभूमीत दफन करू नये, असा कायदा त्यांच्या नगरातही होता. सॉफोक्लीसने त्या कायद्याची निंदा केली नाही. कायद्यामागे विवेक नसेल तर काय घडते आणि कर्तव्य करणाऱ्यास त्याचे मोल किती द्यावे लागते, हे त्याने डोळ्यांपुढे उभे केले. ‘अजॅक्स’ या त्याच्या दुसऱ्या नाटकातही असाच प्रसंग आहे. तेथे मृत वीराला मूठमाती नाकारली जाते, तेव्हा त्याचा वैरी असलेला ओडिसियसच त्याच्या बाजूने उभा राहतो.

सॉफोक्लीस केवळ लेखणीचा धनी नव्हता. त्याने राज्याच्या कोषाचे अधिकारपद सांभाळले होते. इ. स. पू. ४४० च्या सुमारास झालेल्या सामोस बेटावरील युद्धात तो पेरिक्लीसबरोबर सेनापती होता. ‘अँटिगनी’ नाटक आवडल्यामुळेच लोकांनी त्याला सेनापती निवडले, अशी एक आख्यायिका आहे. आज्ञा देणे किती कठीण असते, याचा अनुभव त्याने स्वतः घेतला होता.

त्याच्या उत्तर आयुष्यात अथेन्सचे दिवस फिरले. स्पार्टाशी दीर्घ युद्ध सुरू झाले. सिसिली बेटावर पाठविलेले सैन्य इ. स. पू. ४१३ मध्ये नष्ट झाले. तेव्हा दहा वृद्ध सल्लागार नेमण्यात आले आणि त्यांत सॉफोक्लीसही होता, असे मानले जाते. दोन वर्षांनी सर्व सत्ता चारशे जणांच्या हाती देण्याचा ठराव पुढे आला. तो ठराव चांगला नाही हे जाणूनही, दुसरा मार्ग दिसत नाही म्हणून सॉफोक्लीसने संमती दिली, असा उल्लेख अॅरिस्टॉटलच्या ग्रंथात आहे. ती राजवट चारच महिन्यांत कोसळली. इतरांच्या चुका इतक्या स्पष्टपणे दाखविणाऱ्या कवीलाही संकटकाळी योग्य मार्ग निवडणे सोपे गेले नाही.

कुटुंबातही त्याला कसोटीला तोंड द्यावे लागले, असे प्राचीन लेखक सांगतात. त्याचा पुत्र आयोफॉन हाही नाटककार होता. वडिलांची बुद्धी आता वार्धक्याने भ्रमिष्ट झाली असून त्यांना मालमत्ता सांभाळता येत नाही, अशी तक्रार त्याने न्यायासनापुढे केली. सॉफोक्लीस संतापला नाही. त्या वेळी तो ‘कोलोनस येथील ईडिपस’ हे नाटक लिहीत होता. त्यातील आपल्या जन्मगावाचे वर्णन त्याने न्यायाधीशांना म्हणून दाखविले. बालपणीची ती झाडे, त्या वेली आणि ते पक्षी त्या ओळींत जिवंत झाले होते. ज्याची बुद्धी असे काव्य रचते, तो भ्रमिष्ट कसा असेल? न्यायाधीशांनी तक्रार फेटाळून लावली. मुलांनी दूर लोटलेल्या एका वृद्ध पित्याची कथा त्या नाटकात आहे.

इ. स. पू. ४०६ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी युरिपिडीस मरण पावल्याची वार्ता आली. सॉफोक्लीस तेव्हा नव्वदीच्या घरात होता. स्पर्धेपूर्वीच्या समारंभात त्याने स्वतः शोकवस्त्र परिधान केले आणि आपल्या नटांना व गायकांना पुष्पमुकुटावाचून लोकांसमोर आणले. प्रतिस्पर्ध्याविषयीचा हा आदर पाहून लोकांचे डोळे भरून आले.

त्याच वर्षी अथेन्सच्या आरमाराने आर्गिनुसी येथे विजय मिळविला, परंतु वादळामुळे बुडालेल्या जहाजांवरील लोकांना वाचविता आले नाही आणि मृतांचे देहही आणता आले नाहीत. क्षुब्ध झालेल्या सभेने नियम बाजूला सारून सर्व सेनापतींचा एकत्रच न्याय केला आणि हाती असलेल्या सहा जणांना मृत्युदंड दिला. पुढे त्याच लोकांना पश्चात्ताप झाला, पण क्रेऑनप्रमाणे तोही उशिराच.

याच सुमारास सॉफोक्लीसचे देहावसान झाले. त्याच्या कुळाची दफनभूमी डेसेलियाच्या वाटेवर होती आणि ती वाट स्पार्टाच्या सैन्याने रोखून धरली होती. तेव्हा स्पार्टाच्या सेनापतीस स्वप्नात डायोनिससने आज्ञा केली आणि त्याने शत्रूच्या कवीची अंत्ययात्रा जाऊ दिली, अशी आख्यायिका आहे. मूठमातीच्या हक्कासाठी ज्याने अँटिगनीला उभे केले, त्याला स्वतःची मूठमाती वैऱ्याच्या सौजन्यामुळे मिळाली, असे ग्रीक लोकांनी मानले. त्याचे शेवटचे नाटक पुढे त्याच्या नातवाने इ. स. पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आणले.

आज त्याची केवळ सात नाटके पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांपैकी ईडिपस राजाचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावरील तुरुंगात राजबंद्यांनी ‘अँटिगनी’चा प्रयोग केला, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी त्यात क्रेऑनची भूमिका केली होती. अन्यायी कायद्यांविरुद्ध लढणाऱ्या त्या वीराने हट्टी राजाचे मन आतून समजून घेतले. सत्ता हाती आल्यावर माणसाने कसे वागू नये, हे क्रेऑन आजही शिकवितो.