अहमद सेकू तुरे

अहमद सेकू तुरे (९ जानेवारी, १९२२ - २६ मार्च, १९८४) हे पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. १९५८ मध्ये फ्रान्सचे वर्चस्व झुगारून त्यांनी देशाला स्वातंत्र्य मिळवून दिले. मात्र त्यानंतरच्या २६ वर्षांच्या राजवटीत त्यांनी विरोधाला कोणताही वाव ठेवला नाही.

सुरुवातीचे जीवन

तुरे यांचा जन्म फ्रेंच गिनीतील फराना येथे एका मालिंके मुस्लिम कुटुंबात झाला. फ्रेंचांशी लढलेले सामोरी तुरे हे आपले पूर्वज असल्याचे ते सांगत. टपाल खात्यात नोकरी करीत असताना त्यांनी कामगारांची संघटना उभारली. १९५३ च्या दीर्घ संपाच्या यशामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९५२ पासून ते गिनी लोकशाही पक्षाचे सरचिटणीस होते. १९५५ मध्ये ते राजधानी कोनाक्रीचे महापौर झाले, तर १९५६ मध्ये फ्रेंच संसदेवर निवडून गेले.

स्वातंत्र्य

१९५८ मध्ये शार्ल द गॉल यांनी वसाहतींपुढे नव्या फ्रेंच समुदायात सामील होण्याचा प्रस्ताव ठेवला. २८ सप्टेंबर रोजी झालेल्या सार्वमतात आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींपैकी एकट्या गिनीने तो नाकारला. तेथील ९५ टक्क्यांहून अधिक मते प्रस्तावाच्या विरोधात पडली. २ ऑक्टोबर रोजी गिनी स्वतंत्र झाला. फ्रान्सने आर्थिक साहाय्य तत्काळ थांबवले व आपले अधिकारी परत बोलावले. जाताना त्यांनी कागदपत्रे व यंत्रसामग्रीही नेली. अशा वेळी घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी मदतीचा हात दिला. १९६६ मध्ये एन्क्रुमा पदच्युत झाले, तेव्हा तुरे यांनी त्यांना आश्रय देऊन सहराष्ट्राध्यक्षपद बहाल केले.

एकपक्षीय राजवट

तुरे यांनी इतर पक्ष संपुष्टात आणले आणि पक्ष व शासन यांतील भेद मिटवला. शिक्षक, व्यापारी, सैनिक, मंत्री अशा सर्व थरांतील लोकांवर कटाचे आरोप ठेवले जाऊ लागले. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीज सैन्याने गिनीच्या निर्वासित विरोधकांसह कोनाक्रीवर हल्ला केला. परकीय कारस्थानाची भीती त्यामुळे निराधार राहिली नाही. परंतु त्याच भीतीच्या आधारे पुढे व्यापक अटकसत्र झाले. जानेवारी १९७१ मध्ये चौघांना राजधानीतील एका पुलावर जाहीर फाशी देण्यात आली. कोनाक्रीतील बोइरो छावणीत हजारो कैदी डांबले गेले व त्यांतील अनेक जण परतले नाहीत. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली यांना १९७७ मध्ये याच छावणीत अन्नपाणी तोडून मारण्यात आले. असंख्य नागरिकांनी शेजारील देशांत आश्रय घेतला.

ऑगस्ट १९७७ मध्ये आर्थिक पोलिसांच्या जाचाविरुद्ध कोनाक्रीतील बाजारकरी स्त्रियांनी उठाव केला. त्यानंतर तुरे यांना खासगी व्यापारावरील निर्बंध सैल करावे लागले. पुढच्याच वर्षी फ्रान्सशीही त्यांनी समेट केला.

मृत्यू व वारसा

२६ मार्च, १९८४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हृदयविकारावरील उपचारांदरम्यान तुरे यांचे निधन झाले. आठच दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, लष्कराने सत्ता ताब्यात घेऊन पक्ष बरखास्त केला व राजकीय कैद्यांची मुक्तता केली. कोनाक्रीच्या विमानतळाला आज तुरे यांचे नाव आहे. स्वातंत्र्याचे शिल्पकार म्हणून अनेक गिनीवासी त्यांना मानतात. बोइरो छावणीतील मृतांचे नातेवाईक मात्र न्यायाची मागणी करीत राहिले आहेत.